ओढ्याचे नाव सांगावे काय?

एखाद्या चांगल्या गोष्टीचा ठावठिकाणा आपल्याला ठाऊक असला, तर तो दुसऱ्याला सांगणे हे आपले कर्तव्य ठरते काय? आणि सांगितल्याने ती गोष्टच उणावणार असेल, तर न सांगणे हा स्वार्थ म्हणावा की शहाणपण? प्रश्न फार जुना आहे. रानातील मधाच्या पोळ्याविषयी, औषधी मुळीविषयी, उन्हाळ्यातही न आटणाऱ्या झऱ्याविषयी माणसे तो पूर्वापार विचारीत आली आहेत. आज आम्ही तो एका दूरदेशीच्या, जेमतेम वीतभर लांबीच्या माशाच्या निमित्ताने विचारणार आहोत.

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलेशियन नावाची प्राचीन पर्वतरांग पसरली आहे. तिच्या दक्षिण अंगाला टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना आणि जॉर्जिया ही राज्ये एकमेकांना भिडतात. तेथील उंचावरच्या थंड ओढ्यांत ब्रुक ट्राउट नावाचा मासा राहतो. ‘ब्रुक’ म्हणजे ओढा. १८१४ साली मिचिल या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याला दिलेल्या लॅटिन विशेषणाचा अर्थही ‘झऱ्यांचा’ असाच होतो. शास्त्राच्या काटेकोर दृष्टीने हा ट्राउट नव्हेच. थंड पाण्यात राहणाऱ्या ‘चार’ नावाच्या मत्स्यकुळातील तो आहे. डोंगरातील जुनी माणसे मात्र या वादात पडत नाहीत. ती त्याला नुसते ‘ठिपकेवाला’ म्हणतात. पाठीवर फिकट नागमोडी रेषांची नक्षी, कुशीवर निळ्या वलयातले लाल ठिपके, पोटाकडील परांना पांढरी किनार आणि तिच्या आत काळी रेघ. शरद ऋतूत नराचे पोट नारिंगी होते. एवढे सौंदर्य वाहणारा हा जीव उंच ओढ्यात बहुधा सहा-सात इंचांपलीकडे वाढत नाही आणि सहसा तीनेक वर्षांहून अधिक जगत नाही. आमच्या कोळीवाड्यातील बायांना तो दाखविला, तर त्या बाजारात वाट्यालाही मांडणार नाहीत.

आणि तरीही या माशाची जागा लपविण्यासाठी तेथील भली माणसे जे करतात, ते ऐकून हसू येते. ‘कोठे मिळाला?’ असे विचारले की ‘तिकडे, वरच्या अंगाला’ एवढेच उत्तर येते. गाडी एका वळणावर उभी करून दुसऱ्याच खोऱ्यात उतरणारेही असतात म्हणे. शेजाऱ्याला पैसे उसने देईल, आजारपणात रात्रभर उशाशी बसेल, पण ओढ्याचे नाव सांगणार नाही, अशी ही तऱ्हा. यात काहीतरी नैतिक गाठ आहे असे आम्हांस वाटते. ती सोडवावयाची तर हा मासा इतका दुर्मिळ का झाला, ते पाहिले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या डोंगरांवर लाकूड कंपन्यांची कुऱ्हाड पडली. टेनेसीच्या बाजूला १९०१ साली स्थापन झालेल्या लिटल रिव्हर लंबर कंपनीने तर खोऱ्याखोऱ्यांतून रेल्वेचे रूळ टाकून झाडे उतरविली. सावली गेली, पाणी तापले, माती वाहून ओढ्यांच्या तळाशी बसली. ब्रुक ट्राउटला साधारण वीस अंश सेल्सिअसच्या वर तापलेले पाणी सोसत नाही, आणि त्याची अंडी स्वच्छ खडीच्या फटींतच जगतात. गाळ बसला की फटी बुजतात आणि अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. ओढेच्या ओढे ओस पडले.

पुढे जे घडले ते आमच्या दृष्टीने अधिक विचार करण्यासारखे आहे. ओस पडलेले ओढे पाहून लोकांना वाईट वाटले, आणि त्यांनी त्यांत मासे सोडले. प्रशांत महासागराच्या बाजूचा रेनबो ट्राउट आणि १८८३ साली जर्मनीहून अमेरिकेत आलेला ब्राऊन ट्राउट असे दोन परके मासे या डोंगरांत आणले गेले. (याच काळातील याच उत्साहाने इंग्रजांनी काश्मीरात आणि निलगिरीतही ट्राउट आणले, हा छंद साऱ्या जगभर फिरला.) हेतू उदार होता. सर्वांना मासे मिळावेत, कोणी रिकाम्या हाताने परतू नये, एवढीच इच्छा. पण हे पाहुणे अंगाने मोठे आणि भुकेने थोर. अन्नासाठी आणि जागेसाठी झालेल्या स्पर्धेत मूळचा मासा हटत हटत वर गेला. आज तो मुख्यतः तीन हजार फुटांच्या वरच्या ओढ्यांत सापडतो. ग्रेट स्मोकी माउंटन्स या १९३४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानात त्याने आपल्या मूळ क्षेत्रापैकी सुमारे तीन-चतुर्थांश क्षेत्र गमावले आहे. जेथे तो उरला तेथे बहुतेक ठिकाणी एखाद्या धबधब्याने त्याला राखले आहे. खालचे मासे त्या कड्यावरून वर चढू शकले नाहीत.

म्हणजे ज्या दोन गोष्टींनी या माशाचा घात केला, त्यांपैकी एक लोभ होती आणि दुसरी औदार्य. गळ टाकणारा माणूस या यादीत फार खालच्या क्रमांकावर येतो. उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास ब्रुक ट्राउट धरण्यास बंदी घातली होती. पुढे काही ओढे प्रयोगादाखल खुले करून त्यांनी माशांची मोजदाद केली. गळाने धरल्यामुळे संख्येवर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही असे दिसले, आणि २००६ साली बंदी उठविण्यात आली. कारण समजण्यास अवघड नाही. इतक्या अल्पायुषी माशांची संख्या मुख्यतः पूर, अवर्षण आणि उन्हाळा हेच ठरवितात. आजही तेथे नियम आहेत: आमिष लावावयाचे नाही, कृत्रिम माशी किंवा तत्सम एकच गळ, सात इंचांहून लहान मासा ठेवावयाचा नाही, दिवसाला पाचांहून अधिक नाही. या नियमांत राहून जो धरील त्याने ओढा रिता होत नाही.

मग ‘आम्ही माशासाठी गप्प बसतो’ या समर्थनाचे काय? ते बरेचसे लंगडे पडते, हे मान्य केले पाहिजे. ‘बरेचसे’ म्हणण्याचे कारण असे की, उद्यानाबाहेर, एखाद्या डोंगराच्या घडीत, पाऊलभर रुंदीचे ओहोळ असतात. त्यांत मूठभर मासे पिढ्यान्‌पिढ्या एकटे राहिलेले असतात. तेथे गर्दी झाली तर गळापेक्षा पावलांनीच नुकसान होईल. काठ ढासळतील, दगड हलतील. ओढ्यातील दगड हलविणे राष्ट्रीय उद्यानात गुन्हाच आहे, कारण त्यांच्याखाली हेलबेंडर नावाचा हातभर लांबीचा सॅलमँडर आपली अंडी राखीत बसतो. तेव्हा लहान ओहोळाविषयीचे मौन समर्थनीय आहे. पण ज्या मोठ्या ओढ्यांविषयी माणसे सर्वाधिक खोटे बोलतात, त्यांना हे समर्थन लागू पडत नाही. तेथे खरे कारण दुसरेच असते: आपल्याला तेथे एकटे असावयाचे असते.

या एकटेपणाची थट्टा करावी असे मात्र आम्हांस वाटत नाही. काही संपत्ती अशी असते की वाटली तरी तिळभर कमी होत नाही. गाणे दहाजणांनी ऐकले म्हणून अकराव्याला अपुरे पडत नाही. दुसरी भाकरीसारखी असते. वाटली की तुकडा लहान होतो, पण वाटलेली भाकरीही भाकरीच राहते. एकांत या दोन्ही प्रकारांत बसत नाही. त्याची वाटणी केली की तो लहान होत नाही, संपतोच. ऱ्होडोडेंड्रॉनच्या जाळीतून गुडघ्यावर रांगत, काठी सांभाळीत, जेथे हात वर करून दोर फेकावयासही जागा नाही अशा डोहापाशी जो पोचतो, त्याला तेथे आणखी चारजण बसलेले आढळले तर तो ज्यासाठी आला ते तेथे नसते. मासे असतात, पण तेवढ्यासाठी तो आलेला नसतो. एकांत हे खरे मूल्य आहे. त्याचे रक्षण करावेसे वाटणे हा दोष नव्हे. फक्त ते करताना माशाचे नाव पुढे करू नये.

मौन आणि खोटेपणा यांत अंतर आहे, ही गोष्ट आपल्या परंपरेतील थोर चिंतकांनी बारकाईने पाहिली आहे. संत ऑगस्टीन यांनी असत्याविषयी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि कोणाचे भले करण्यासाठीही खोटे बोलू नये, अशी कठोर भूमिका त्यांनी घेतली. संत थॉमस अक्वायनस यांनी ती भूमिका कायम ठेवून पुढे असे म्हटले की, खोटे न बोलता सत्य विवेकाने झाकून ठेवणे मात्र योग्य असू शकते. ओढ्याच्या बाबतीत हा भेद अगदी व्यवहारी आहे. ‘ते मी सांगणार नाही’ असे म्हणणारा माणूस कंजूष ठरेल, पण प्रामाणिक राहील. ‘त्या पलीकडच्या खोऱ्यात जा’ असे सांगून परक्याला दिवसभर रिकाम्या पाण्यात उभा करणारा मात्र त्याचा एक दिवस चोरतो. आणि वर्षभर कारखान्यात राबून एक आठवड्याची रजा मिळविलेल्या माणसाचा एक दिवस ही लहान चोरी नव्हे.

आणखी एक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे: ‘माझा’ ओढा. अमेरिकी कायद्याप्रमाणे रानातील मासा कोणाच्याच खासगी मालकीचा नसतो. राज्य त्याचे विश्वस्त मानले जाते. आणि ती जमीन? या डोंगरांत चेरोकी लोक कित्येक शतके राहत होते. १८३८ साली त्यांच्यापैकी बहुतेकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आले, आणि त्या वाटेवर हजारो माणसे मेली. काही थोडे डोंगरांत तग धरून राहिले; त्यांचे वंशज आजही उद्यानाला लागून असलेल्या क्वाला बाउंडरी या आपल्या भूमीत राहतात. पुढे राष्ट्रीय उद्यान करावयाचे ठरले तेव्हा तेथे शेती करणाऱ्या शेकडो गोऱ्या कुटुंबांनाही घरेदारे सोडावी लागली. केड्स कोव्ह आणि कॅटलूची येथील त्यांची रिकामी घरे आणि प्रार्थनामंदिरे प्रवासी आज पाहावयास जातात. जी भूमी सर्वांची व्हावी म्हणून इतक्या जणांनी गमावली, तिच्यातील एका डोहावर शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्याने मनातल्या मनात आपले नाव कोरावे, हे आम्हांस रुचत नाही.

गुप्ततेचा सर्वांत मोठा तोटा असा की, ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही त्याच्यासाठी कोणी भांडत नाही. ओढ्यांवर सावली धरणारे हेमलॉक वृक्ष आशियातून आलेल्या एका सूक्ष्म किडीने गेली काही दशके मरत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन या चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागातील डोंगर कोसळविले. अनेक ओढ्यांची पात्रेच बदलली. अशा वेळी कोणत्या घडीत मासा होता आणि आता आहे की नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याने गप्प बसणे म्हणजे साक्षीदाराने न्यायालयात न जाण्यासारखे आहे. म्हातारा मेला की त्याचा ओढाही त्याच्याबरोबर पुरला जातो.

याच्या उलट उदाहरणही आहे. स्मोकी उद्यानातील लिन कॅम्प प्रॉंग हा ओढा रेनबो ट्राउटने व्यापला होता. २००८ साली उद्यानाच्या जीवशास्त्रज्ञांनी एका धबधब्याच्या वरच्या पाण्यात अँटिमायसिन हे मत्स्यविष घालून परके मासे मारण्यास सुरुवात केली. खालच्या अंगाला विष निष्प्रभ करण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट वापरतात. आमच्याकडे पूर्वी साथीच्या दिवसांत विहिरीत टाकीत ती हीच जांभळी पूड. मग दुसऱ्या ओढ्यांतील मूळचे मासे आणून तेथे सोडण्यात आले. अशा कामांत गळाने मासे धरणारे हौशी लोकच स्वयंसेवक म्हणून पाण्याच्या पिशव्या पाठीवर घेऊन डोंगर चढतात. २०१५ साली तो ओढा सर्वांसाठी खुला झाला आणि त्याचे नाव उद्यानाने स्वतः जाहीर केले. लपविणाऱ्यांच्या हिशेबाप्रमाणे तो आतापर्यंत उजाड व्हावयास हवा होता. तसे झालेले नाही.

हजारो रेनबो मारले, त्याचे काय, असे कोणी विचारील. त्या माशांनी कोणता अपराध केला होता? त्यांना माणसाने आणले आणि माणसानेच मारले. हा प्रश्न आम्ही झटकून टाकू इच्छित नाही. पण रेनबो जगात अन्यत्र विपुल आहे, आणि दक्षिणेकडील हा ब्रुक ट्राउट उत्तरेकडील आपल्या भाईबंदांपेक्षाही आनुवंशिक दृष्ट्या निराळा आहे. येथून गेला तर तो कोठूनही परत आणता येणार नाही. ज्यांच्या पूर्वजांनी ती घडी विस्कटली, त्यांनी ती बसविण्याचे अप्रिय काम अंगावर घेतले, तर त्यांना दोष देणे आम्हांस जड जाते.

तर मग सांगावे की न सांगावे? जाणत्या माणसांत एक मधली वाट चालत आली आहे, आणि ती आम्हांस बऱ्याच अंशी पटते. नाव सांगावयाचे नाही, पण शोधावे कसे ते शिकवावयाचे. समोच्चरेषांचा नकाशा घ्या. तीन हजार फुटांच्या वर ज्या निळ्या रेघा दिसतात त्या पाहा. जेथे समोच्चरेषा एकमेकींना खेटून निळ्या रेघेला छेदतात तेथे कडा असण्याचा, म्हणजे धबधब्याचा संभव. त्याच्या वर जा. हिरवे रान टिकलेले खोरे निवडा. उन्हाळ्यात पाण्यात हात घाला. दुपारीही बोटे गारठली तर आशा धरा. मासा प्रवाहाकडे तोंड करून अन्नाची वाट पाहतो, म्हणून खालून वर, वाकून, सावली पाण्यावर न पाडता चला. या खडकांतून येणाऱ्या पाण्यात अन्न फार थोडे, म्हणून मासा चोखंदळ नसतो, परंतु भित्रा असतो. गळाला कोणत्या रंगाची माशी बांधली यापेक्षा तुम्ही कसे चालता याला अधिक महत्त्व आहे. एवढे ज्याला शिकविले त्याला ओढ्याचे नाव सांगण्याची गरज उरत नाही. दोन-चार रेघा कोरड्या निघतील, पाचवी त्याची स्वतःची होईल, आणि ज्याने गुडघे फोडून ती मिळविली तो सहसा ती घाण करीत नाही.

‘बऱ्याच अंशी’ असे आम्ही जपून म्हटले. कष्ट हा चांगला द्वारपाल आहे, पण न्यायी द्वारपाल नव्हे. ज्याचे गुडघे गेले आहेत त्या म्हाताऱ्याला, सहा वर्षांच्या मुलीला, कुबडीवर चालणाऱ्याला तो दारातच अडवितो. आणि शिकविणार कोण? ज्याचा आजोबा त्याच डोंगरात वाढला, त्याला हे सारे बोलताबोलता मिळते. अटलांटा किंवा शार्लट शहरात नोकरीस गेलेला आमच्याकडचा एखादा तरुण, मासेमारी ज्याच्या रक्तात आहे पण त्या डोंगरात ज्याचे कोणी नाही, त्याने कोणाला विचारावे? आपलेपणाच्या वर्तुळातच फिरणारे ज्ञान वरकरणी विनयशील दिसते, पण प्रत्यक्षात ते वतनदारीसारखे चालते. म्हणून मोठ्या, रस्त्यालगतच्या, सोसणाऱ्या पाण्यांची नावे तरी मोकळेपणाने सांगितली पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेथे म्हातारा काठावर बसू शकतो, मुलगी पाण्यात पाय सोडू शकते. पाऊलभर रुंदीच्या ओहोळाचे नाव मात्र एकाने एकाला, सोबत नेऊन, सांगावे. जाहीर केलेल्या नावाची जबाबदारी कोणावरच पडत नाही. हात धरून दाखविलेली जागा दाखविणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला दोघांनाही बांधून ठेवते.

आणि सोबत नेण्यात एक फायदा आहे, जो नकाशाने मिळत नाही. ऑक्टोबरच्या सुमारास, पाने गळू लागली की, मादी शेपटीने तळाची खडी उकरून उथळ खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वरून खडी लोटते. आजूबाजूचा तळ काळपट, शेवाळलेला. ही जागा तेवढी धुतल्यासारखी फिकट दिसते, जेमतेम ताटाएवढी. अंडी थंडीभर तेथेच असतात. नवख्याला ती पाय ठेवण्यास सोयीची, स्वच्छ जागा वाटते. जाणता माणूस अशा वेळी त्याचा दंड धरतो, बोटाने ती जागा दाखवितो, आणि दोघे काठावरून वळसा घालून पुढे जातात.